तीन माणसं, सात फुलं

१४ जानेवारी १९९५, शनिवार

हॅलबरीला आमच्या चॅपलांच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरांच्या, संघटनेच्या कार्यकारिणीची बैठक. तीन तास चालली. त्यातला एक तास खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावर गेला. देव तीन रूपांत नाही, एकच आहे, एवढं म्हटल्याबद्दल आमच्या पूर्वजांनी तुरुंग भोगले. आम्ही खिडकीवर मतदान घेतो. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी अर्धी उघडी ठेवायचं ठरलं आणि सगळेच सारखे कुडकुडलो.

उरलेल्या वेळात क्रॅगलीच्या चॅपलचा विषय झाला. संघटनेच्या घटनेतला नियम अकरा स्पष्ट आहे: सलग दोन वार्षिक सभांना सातपेक्षा कमी सभासद भरले, तर चॅपल बंद करून इमारत संघटनेने ताब्यात घ्यावी. गेल्या जूनला क्रॅगलीत तिघं होती. यंदाही तिघंच आहेत. भिंतीवर चढण्याची हौस असलेल्या लोकांच्या एका क्लबाने इमारतीची चौकशीही केली आहे म्हणे.

"ह्यूबर्ट, तुम्हीच जाऊन सांगा त्यांना," अध्यक्ष फॉसेट म्हणाले. "चिटणीस आहात, आणि बॅदरबीचा अनुभव आहे तुम्हाला."

अनुभव आहे खरा. बॅदरबी माझं चॅपल. दोन वर्षांपूर्वी मीच कुलूप घातलं आणि किल्ली पाकिटात घालून संघटनेकडे, म्हणजे स्वतःकडे, जमा केली. तेव्हापासून दर रविवारी वेगवेगळ्या चॅपलात मागच्या बाकावर बसतो. सोयीचं आहे. कपबशा विसळायला कोणी सांगत नाही.

२२ जानेवारी, रविवार

क्रॅगलीला जाऊन आलो. चढ फार आहे. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. बॉयलर विल्फ सग्डेनच्या ताब्यात आहे आणि विल्फच्या म्हणण्याप्रमाणे त्याला (बॉयलरला) डिसेंबरपासून बरं नाही. विल्फ पंचाहत्तरचा, जन्मभर या खोऱ्यात बस चालवली. मिस होलरॉइड एकोणऐंशीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. प्रवचन त्याच देतात आणि ऐकताना कोणी हललं तर थांबतात. डॉर्कस व्हिटली ऑर्गन वाजवतात. सत्तरीच्या, विधवा, बोलतात कमी. बस्स, एवढंच चॅपल.

चहाच्या वेळी मी नियम अकरा वाचून दाखवला. कोणी रडलं नाही, हे बरं झालं.

"सात कुठून आणायचे?" विल्फ म्हणाला. "या गावात सात माणसं एका मताची मिळायची नाहीत."

"एका मताची कशाला हवीत? सात हवीत," मिस होलरॉइड म्हणाल्या. "ऑग्डेन, नुसतं बंद करायचेच नियम केलेत तुम्ही, की काही उघडायचेही आहेत?"

मग मला नियम बारा सांगावा लागला. सांगताना थोडा अभिमान वाटला. मसुदा माझा आहे. जवळपास चॅपल नसलेल्या, एकट्याने शोध घेणाऱ्या माणसांसाठी तो केला. आम्ही त्यांना शोधक म्हणतो. शोधकाने चिटणिसाला निदान तीन पत्रं लिहावीत, मग त्याला कुठल्याही चॅपलाचं सभासद होता येतं. त्याचा विश्वास कशावर आहे, हे विचारायचं नाही. ओळखीचा पुरावा मागायचा नाही. त्याच्या घरी न सांगता जायचं नाही.

"म्हणजे साहेब, माणूस दिसला नाही तरी चालतो?" विल्फने विचारलं.

"आपल्याकडे देवसुद्धा न दिसता चालतो," मी म्हणालो.

विनोद बरा होता, पण कोणी हसलं नाही. तिघंही एकमेकांकडे बघत होती. नियम त्यांच्या डोक्यावरून गेला असावा. चार वर्षांत एकही शोधक नोंदला गेलेला नाही, हेही मी सांगितलं, उगीच आशा लागू नये म्हणून. निघताना डॉर्कसबाईंनी फ्रूट केकचा तुकडा कागदात बांधून दिला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

शोधक आला! चार वर्षांनी पहिला. नाव रुबेन क्लेग, टपालाचा शिक्का स्कार एन्डचा. लिहितो: "आम्ही घंटी वाजवतो, वाजवत राहतो, पण ड्रायव्हर गाडी थांबवत नाही. तेव्हा पुढे ड्रायव्हर आहे तरी का, हे कळवावे." काय प्रतिमा आहे! कवी असावा. पत्ता म्हणून स्कार एन्डचं पोस्ट ऑफिस दिलंय, तिथून पत्रं स्वतः घेऊन जाईन म्हणतो. एकान्तप्रिय दिसतो.

नवं कार्ड करून खोक्यात ठेवलं. क्रमांक एक.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी दोन! एकाच टपालाने! एक ए. के. थॉर्न, बाई की पुरुष ते कळत नाही आणि विचारणं नियमात बसत नाही. दुसऱ्या रोवेना मार्श. शिक्के वेगवेगळ्या गावांचे, अक्षरं वेगवेगळी. पत्ते मात्र तिघांचेही पोस्ट ऑफिसचेच, आणि तिन्ही पोस्टं ३६ नंबरच्या बसच्या वाटेवर. त्या वाटेवर काहीतरी आध्यात्मिक हालचाल आहे. पुढच्या अहवालात यावर एक परिच्छेद घालणार.

फॉसेटना फोन केला. ते म्हणाले, "तीन? एका आठवड्यात? ह्यूबर्ट, नीट बघून घ्या."

मी त्यांना आठवण करून दिली की वजनमापं खात्यात मी एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण मी दुकानाच्या दारातून ओळखत असे. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

५ मार्च, रविवार

थॉर्न यांनी माझं पत्र परत पाठवलंय. लाल शाईने त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्यात आणि खाली शेरा मारलाय: "विचार ठीक. मांडणी ढिसाळ." पण त्याच पानाच्या मागे हेही लिहिलंय: "जन्मभर मी मुलांना उत्तरं पाठ करायला लावली. आता एकाही उत्तरावर माझा भरवसा नाही, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही, कारण सगळे अजून माझ्याकडेच उत्तरं मागतात." वाचून वाईट वाटलं. बहुधा वकील असावेत.

आज क्रॅगलीला गेलो होतो. काम नव्हतं, पण नियम अकराची आठवण करून दिलेली बरी. मिस होलरॉइडनी प्रवचनात शेवटपर्यंत ठामपणा सोडला नाही. अशा बाईला शंका शिवत नसणार. मला त्यांचा हेवा वाटतो.

१९ मार्च, रविवार

रोवेना मार्श यांचं दुसरं पत्र चार वेळा वाचलं.

"नवरा गेला त्या दिवसापासून मी प्रार्थना केलेली नाही. दर रविवारी हात सवयीने आपलं काम करतात. मन बाहेर पायरीवर बसून राहतं. कोणाच्या लक्षात येत नाही, कारण हात चुकत नाहीत. तुम्ही अशा माणसाला काय सांगता, ऑग्डेन?"

रविवारी हाताने काम, म्हणजे मार्शबाई बेकरीत असाव्यात. पत्राबरोबर केकही आला होता, हा त्याचा पुरावाच. केक क्रॅगलीसारखाच. या खोऱ्यात सगळीकडे एकच पद्धत दिसते.

संघटनेचं छापील उत्तर पाठवणार होतो. "शंका हा शोधाचा आरंभ आहे" वगैरे. पाठवलं नाही. एनिड गेल्याला चार वर्षं झाली. बायको होती माझी, आणि आमच्या घरातला देवाशी व्यवहार सगळा तीच बघायची. मी नुसता बरोबर जायचो. ती गेल्यावर मी चिटणीस झालो, कारण रविवारी कुठेतरी कामाला जाणं आणि नुसतं जाणं यात फरक आहे. हे सगळं मी मार्शबाईंना लिहिलं. सहा पानं झाली. पेटीत टाकल्यावर परत काढता येत नाही हे टपालखात्याचं बरं आहे की वाईट, ठरवता आलं नाही.

१७ एप्रिल, सोमवार

तिघांचाही पत्रव्यवहार जोरात. रुबेन क्लेगनी विचारलंय की कुत्र्यांनाही पलीकडे जागा असते का, कारण त्यांना स्वतःपेक्षा कुत्र्याची काळजी आहे. मार्शबाईंचं उत्तर फक्त एका ओळीचं: "सहा पानं मिळाली. तुम्ही नीट जेवता का?"

चिटणिसाच्या जेवणाचा आणि प्रार्थनेचा संबंध त्यांनी कसा जोडलाय, यावर विचार करतो आहे.

७ मे, रविवार

आज आंघोळ करता करता सुचलं: तिघांचीही तीन-तीन पत्रं पूर्ण झालीत. मग त्यांनी क्रॅगलीचंच सभासद का होऊ नये? तीन आणि तीन सहा! एक कमी पडेल, पण शोभा तर राहील. कल्पना पूर्णपणे माझी. तिघांनाही लगेच लिहिलं.

क्रॅगलीला जाऊन बातमी दिली. विल्फ चहा पिता पिता ठसकला. मिस होलरॉइड म्हणाल्या, "अनोळखी माणसं? आमच्यात? विचार करावा लागेल, ऑग्डेन." मला त्यांची बराच वेळ समजूत घालावी लागली. अखेर नाइलाज झाल्यासारखं दाखवून तयार झाल्या.

डॉर्कसबाई म्हणाल्या, "तुम्ही कुठल्या चॅपलाचे सभासद, ऑग्डेन?"

"मी संघटनेचा," मी म्हणालो.

"संघटनेत स्तोत्र कोण वाजवतं?"

विचित्र प्रश्न. आमच्याकडे फक्त इतिवृत्त वाचतात.

२५ मे, गुरुवार

नियमाविरुद्ध वागायला निघालो होतो, हे इथे कबूल करतो. रोवेना मार्श दिसतात कशा, हे त्यांच्या पोस्टात सहज म्हणून बघायचं होतं. ३६ नंबरची बस धरली. बसमध्ये विल्फ! मांडीवर तीन पाकिटं. मला बघून त्याने ती टोपीखाली सारली.

"कुठे, विल्फ?"

"टपाल टाकायला, साहेब."

"क्रॅगलीत पेटी आहे की."

"निवृत्त माणूस मी. एकाच पेटीत सगळं टाकलं तर दिवस कसा जायचा?"

पटलं. त्याच्याकडे पोस्टाचं एक तिकीट कमी होतं, ते मी दिलं. त्यांच्या पोस्टापाशी उतरलोच नाही, मधूनच परतलो. शोधकाच्या खासगीपणावर घाला घातला नाही, याचं समाधान वाटतं.

१० जून, शनिवार

फॉसेटांचा फोन. उद्या वार्षिक सभा आहे आणि ती यंदा मुद्दाम क्रॅगलीतच ठेवली आहे. "तुमचे तिन्ही शोधक समोर दिसले पाहिजेत, ह्यूबर्ट. नाहीतर मी नावं खोडणार. क्लबाला सोमवारी उत्तर द्यायचंय."

तिघांना कळवायला वेळ नाही. क्रॅगलीला फोन करून मिस होलरॉइडना सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "येतील हो ते. वेळेवर येतील."

त्यांना कसं माहीत? श्रद्धा, दुसरं काय.

११ जून, रविवार

क्रमाने लिहितो.

जूनची सभा म्हणजे आमचा फुलांचा रविवार. प्रत्येक चॅपल आपली बरणी आणतं. दर सभासदाचं एक फूल, देठाला नावाची चिठ्ठी. ज्याला येता येत नाही तो फूल पाठवतो. अध्यक्ष फुलं मोजतात, तीच पटनोंदणी. मग सगळी फुलं एकत्र करायची आणि जाताना प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचं तरी घरी न्यायचं.

नऊ चॅपलांची मिळून चाळीसेक माणसं होती. फॉसेट मोजत मोजत क्रॅगलीच्या बरणीशी आले आणि थांबले. परत मोजलं.

"सात," ते म्हणाले. "सभासद तीन, शोधक तीन. सातवं कोणाचं ते नंतर बघू. आधी मला शोधक दाखवा. रुबेन क्लेग कोण?"

मग विल्फ उठला. टोपी हातात पिळत म्हणाला, "मीच तो."

"तुम्ही विल्फ सग्डेन आहात."

"रविवारी आहे. पण कुत्रा मेल्यापासून आठवड्याचे बाकीचे दिवस मी रुबेनच असतो. इथे बसून कसं सांगणार? तीनच माणसं. एकाने शंका काढली की तेहतीस टक्के चॅपल खचतं."

मिस होलरॉइड उठल्या. "ए. के. थॉर्न," एवढंच म्हणाल्या. ऑर्गनजवळून डॉर्कसबाई उठल्या. नाव सांगायची गरज नव्हती. त्यांचे हात दिसत होते.

मेण, पारडं, दाराबाहेरून ओळखणं, सगळं माझ्या कानांत गरम होऊन वाजायला लागलं. तीन पोस्टं, एक बस. केक! तिकीटसुद्धा मीच दिलं! पण त्याहून वाईट म्हणजे एनिडबद्दलची सहा पानं. ती मी लांबच्या एका बेकरीवालीला लिहिली होती. पाच हातांवर बसणाऱ्या बाईला नाही. उठून निघून जावंसं वाटलं. पिशवी उचललीही.

"ह्यूबर्ट," फॉसेट म्हणाले, "तुम्ही इन्स्पेक्टर होतात. सांगा सभेला. ही तीन माणसं खरी की खोटी?"

पिशवीत पत्रं होती. मी उत्तर देण्याआधी विचार केला, आणि एकतीस वर्षं जे सांगत आलो तेच सांगितलं.

"नावं खोटी आहेत. त्याबद्दल मी जप्ती करीन. पण वजन केलंय मी. माल पुरेपूर आहे. जास्तच असेल."

मग जे झालं ते आमच्यातच होऊ शकतं. हसण्यावारी नेऊन मोडीत काढायच्या ऐवजी सभा चर्चेला बसली. एका माणसाची दोन मतं असतील तर तो दोनदा मोजावा का? दुसऱ्या एका चॅपलाचे आजोबा म्हणाले, "असं असेल तर आमच्या बाविसांत निदान साठ निघतील." हॅलबरीच्या बाईंनी विचारलं, ज्याचं काहीच मत नाही त्याला शून्य धरायचं का, कारण त्यांचा नवरा इथे हजर आहे. नवरा म्हणाला, त्याला यावर काही म्हणायचं नाही.

"अहो, ही सरळ बनवाबनवी आहे!" फॉसेट ओरडले.

"डेस्मंड," मिस होलरॉइड म्हणाल्या. त्यांनी फॉसेटना तिसरीत शिकवलंय. "बस खाली. बोलायचं असेल तर हात वर कर."

फॉसेट बसले. मग त्यांनी हातही वर केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सव्वा तासाने ठराव झाला: प्रश्न मूलभूत असल्याने तो उपसमितीकडे द्यावा, आणि तिचा अहवाल येईपर्यंत क्रॅगलीची संख्या अनिर्णित समजावी. अनिर्णित संख्येला नियम अकरा लागू होत नाही. आमची मागची उपसमिती स्तोत्रांच्या पुस्तकाच्या रंगावर नेमली होती. तिला नऊ वर्षं झाली. नवीन उपसमितीचा निमंत्रक मी, कारण कुठल्याही चॅपलाचा सभासद नसलेला, म्हणून निःपक्षपाती, असा मी एकटाच निघालो. बैठका क्रॅगलीलाच होतील. पहिली बैठक बॉयलर दुरुस्त झाल्यावर. विल्फ म्हणाला, बॉयलरचं काही सांगता येत नाही.

"आणि सातवं फूल?" फॉसेटनी थकून विचारलं. एक पांढरी डेझी होती. देठाला हिरव्या लोकरीने चिठ्ठी बांधलेली. त्यांनी वाचली. "ह्यूबर्ट ऑग्डेन."

"मी आणलं नाही," मी म्हणालो. बॅदरबी बंद झाल्यापासून मी फूल आणत नाही. कुठल्या बरणीत घालणार?

"तुम्ही विसरणार, हे माहीत होतं," डॉर्कसबाई म्हणाल्या. "म्हणून मी तुमचंही आणलं."

चहाला सगळे उठले तेव्हा मी आतल्या खोलीत गेलो. सभासदांची वही कपाटावरच होती. मिस होलरॉइडनी शाईची दौत उघडून ठेवली होती. लाल. सही केली. निमंत्रकाने असं करणं निःपक्षपातीपणात बसतं का, हा मुद्दा उपसमितीपुढे ठेवता येईल. मी स्वतःच ठेवीन. शेवटच्या बैठकीत.

बाहेर आलो तर विल्फने हातात फडकं दिलं. "सभासद ना? मग कपबशा विसळा."

२० जून, मंगळवार

रोवेना मार्श यांचं पत्र. त्यांच्या नेहमीच्या पोस्टाचा शिक्का, नवं तिकीट. रविवारी भेट झाली होती, ऑर्गनजवळ दहा मिनिटं बोललोही, पण टपालाने लिहायचं ते त्या टपालानेच लिहिणार असं दिसतं. मीही उत्तर टपालानेच देणार. काही गोष्टी तिकीट लावल्याशिवाय बोलता येत नाहीत.

लिहितात: "पुढच्या रविवारी उपासनेनंतर जेवायला याल का? शोधकाने चिटणिसाला बोलवू नये असा नियम असेल तर कळवावे."

घटना पुन्हा वाचून काढली. तसा नियम नाही. नियम बारा एवढंच म्हणतो की शोधकाच्या घरी न सांगता जाऊ नये. तेव्हा सांगून जाणार आहे.

विषय काय आहे ते लिहिलेलं नाही. बहुधा प्रार्थना. फाइल बरोबर नेतो.